मज्जातंतू तुटला तरी फ्लॅपचे रक्त थांबत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अपघातात नडगीचे हाड उघडे पडलेले अनेक रुग्ण मालवा-निमाडच्या गावांतून इंदूरला येतात आणि त्यांच्या जखमेवर पाठीचा किंवा मांडीचा स्नायू, त्याच्या धमनी-नीलांसह, आणून बसवला जातो. डॉक्टर त्याला फ्लॅप म्हणतात. तो हलत नाही, त्याला स्पर्श कळत नाही, हे पाहून घरची माणसे तो वाळणार असे धरून चालतात. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्याने हा गैरसमज मला फार सलतो.

स्नायू जागेवरून उचलताना त्याचा मज्जातंतू कापला जातो आणि स्नायूचे आकुंचन थांबते. रक्तप्रवाह मात्र सुरुवातीला बहुधा वाढतो. धमन्यांच्या भिंतींना सतत किंचित आवळून धरणारे अनुकंपी तंतूही त्याच वेळी तुटतात आणि वाहिन्या सैल पडतात. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५१ च्या सुमारास सशाच्या मानेतील असे तंतू कापले, तेव्हा त्या बाजूचा कान उबदार झाला. वाहिनीची त्रिज्या केवळ दहा टक्क्यांनी वाढली, तरी दाब तोच असताना प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, एवढा या सैलपणाचा परिणाम मोठा असतो.

ही वाढ टिकत नाही. वाहिन्या आपला ताण हळूहळू परत मिळवतात आणि रक्तातील ॲड्रेनॅलिनला पूर्वीपेक्षा अधिक जोराने प्रतिसाद देऊ लागतात. म्हणून थंडी, वेदना आणि विशेषतः विडी-सिगारेट व तंबाखू यांपासून रुग्णाला जपावे लागते. पुढे काही महिन्यांत काम नसलेला स्नायू बारीक होतो, पण बारीक होणे म्हणजे मरणे नव्हे. हाड झाकलेलेच राहते.

खरा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत, जोडलेल्या वाहिनीत गुठळी होण्याचा असतो. फ्लॅप निळसर होऊन फुगला तर नीला, पांढरा व गार पडला तर धमनी अडली असण्याची शक्यता असते. अशा वेळी रात्र असली तरी परिचारिकेला तत्काळ सांगावे, कारण काही तासांतच पुन्हा शस्त्रक्रिया करून फ्लॅप वाचवता येतो. बधिर फ्लॅपवर गरम पाण्याची पिशवी तर कधीच ठेवू नये, भाजलेले रुग्णाला कळतसुद्धा नाही.

आपल्या शहरातील रुग्णालयांनी एवढा मजकूर मराठी आणि हिंदीत छापून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच नातेवाइकांच्या हाती द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक
रामबाग, इंदूर