आई, खालच्या कवळीचं मनावर घे

प्रिय आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तू एकदम तोंडावर हात धरलास. कवळी सुटली होती ना? मी विचारलं तर विषय बदललास. म्हणून हे पत्र, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

माझी उजवीकडची दाढ काढल्यावर मीही कित्येक महिने तशीच राहिले. एका दाढेने काय अडतंय, असं वाटायचं. मग इथल्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. दाढेच्या जागी हाड खोलगट झालं होतं, अगदी बोटाने दाबल्यासारखं. मूळ गेलं की तिथल्या हाडाला चावण्याचा दाब मिळत नाही आणि ते झिजायला लागतं, पहिल्या वर्षात तर सगळ्यात जास्त. तुझी कवळी सैल होते ती यामुळेच गं. दोष कवळीचा नाही, खालचा जबडाच झिजत चाललाय. नवी करून घेतलीस तरी ती पुन्हा सैल होणार.

इम्प्लांट म्हणजे दाताचं नवं मूळ. टायटॅनियमचा छोटासा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला घट्ट धरतं. हे ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश डॉक्टरांच्या लक्षात आलं ते सशाच्या हाडातलं टायटॅनियमचं उपकरण काही केल्या निघेना तेव्हा. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. तो माणूस चाळीस वर्षांनी वारला, तोवर ते टिकले.

दुखण्याची धास्ती घेऊ नकोस. माझा इम्प्लांट बसवताना भूल दिल्यावर मला फक्त थरथर आणि दाब जाणवला, त्यापेक्षा दाढ काढताना जास्त त्रास झाला होता. पुढे तीन-चार महिने हाड धरायची वाट पाहिली, मग कॅप बसली. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, केला असता तर ते दोन धडधाकट दात कोरून बारीक करावे लागले असते, ते वाचले. पूर्वी जीभ सारखी त्या खड्ड्यात जायची. आता ती दाढ कुठली, हेही चटकन आठवत नाही.

तुला काही सगळे दात रोवून घ्यायचे नाहीत. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट पुरतात. कवळी त्यांच्यावर प्रेस-बटणासारखी टक् करून बसते. रात्री काढून धुवायची, झालं. बोलताना उचलली जात नाही.

वय आड येत नाही, पण साखर येते. ती आटोक्यात नसेल तर जखम नीट भरत नाही, म्हणून आधी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, तपासून घे. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून तू घेतेस त्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांग, विसरू नकोस. आणि इम्प्लांट किडत नसला तरी भोवतालची हिरडी सुजू शकते, तेव्हा रोज ब्रश हवाच.

दादाशी बोलले आहे, तो तुला स्कॅनला घेऊन जाईल. निघताना गोळ्यांची यादी बरोबर ठेव आणि स्कॅन आला की मला पाठव. बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई