शाल दिली, माईकही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१६ डिसेंबरला, विजय दिवशी, आमच्याकडे १९७१च्या लढाईतल्या माजी सैनिकांचा सत्कार झाला. शाल-श्रीफळ त्यांच्या हातात आणि माईक दोन तास पाहुण्यांच्या. सत्कारमूर्तींपैकी एकालाही कुणी बोलतं केलं नाही.

त्यांतले एक अण्णा आमच्याच आळीतले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईची हकिकत छापून आलेली आहे : आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी चिठ्ठी धाडली, तेव्हा पाकिस्तानी कर्नलने उत्तराबरोबर बंदुकीची गोळी पाठवली. अण्णांना ही गोष्ट पुढे कधीतरी कळली. त्या रात्री ते शहरामागचा रस्ता अडवून शेतात बसले होते आणि त्यांना खोकला झाला होता. "शत्रू परवडला, पण ढास नको. मफलर तोंडात कोंबून बसलो," असं सांगतात. काकूंची आठवण निराळीच. पोस्टमन अवेळी आळीत शिरला, की तार असणार म्हणून बायका दारं लावून घ्यायच्या. तो पुढे गेला की उघडायच्या, आणि ज्या घरी थांबला तिकडे धावायच्या.

लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमने १९७२ पासून सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या, त्यामुळे पहिल्या महायुद्धात लढलेल्यांचे आवाजही तिथे ऐकायला मिळतात. आपल्या सातारा जिल्ह्यात, मिलिटरी अपशिंग्यात, त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. पण गावोगावचे जे परत आले, ओसरीवर बसून सांगत राहिले, त्यांचं बोलणं कुठे आहे?

दोष मी दुसऱ्यांना कशाला देऊ? माझे आजोबा १९४४-४५मध्ये इटलीत होते. एका दिवाळीत मी त्यांना कॅसेटवर बोलतं केलं. पुढच्या गणपतीत घरातल्याच कुणीतरी त्यावर आरत्या भरल्या. कॅसेटच्या शेवटी एवढंच शिल्लक आहे : "मग रात्री आम्ही नदीत उतरलो…" नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती सेनिओ नदी? की दुसरीच कुठली? आता विचारायचं कुणाला?

१९७१चा अठरा वर्षांचा पोरगाही आज सत्तरीपार आहे. माजी सैनिकांच्या नोंदी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असतात आणि फोन प्रत्येक कॉलेजच्या पोरापाशी. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी हे काम अंगावर घ्यावं, ध्वनिमुद्रणाच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. बोली सुधारू नये. बायकांनाही विचारावं, आणि तेही नवरा उठून गेल्यावर.

अनुभवाने एक सांगतो. "शौर्याबद्दल सांगा" म्हटलं की ही मंडळी भाषण करतात. "जेवायला काय मिळायचं?" असं विचारा, मग दिवेलागणीपर्यंत उठू देत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा