झाग्रेबहून आईबाबांना

झाग्रेब, १२ डिसेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. खोकला थांबला असून जेवणही वेळेवर होते, तेव्हा त्याविषयी पुन्हा लिहीत नाही.

आई, त्या परक्या मुलखात देवाचे नाव तरी माझ्या तोंडी येते का, असे तू फोनवर विचारलेस. ते मनाला लागले, म्हणून सविस्तर लिहिते. इथे देवाचे नाव कानी पडल्यावाचून एक दिवस जात नाही. शेजारीण जिन्यात भेटली की 'बोग' म्हणते आणि निरोप घेतानाही 'बोग'च म्हणते. इथल्या क्रोएशियन भाषेत बोग म्हणजे देव. झाग्रेबात बहुतेकांच्या तोंडी 'बोक' असते, त्याचे मूळ काही जण निराळे सांगतात. मात्र हे ओळखीच्या माणसांतच चालते. अनोळखी वडीलधाऱ्यांना 'दोबर दान', म्हणजे शुभ दिवस, असेच म्हणावे लागते. कायमचा निरोप असेल तर 'झ्बोगोम', देवासह; आणि नाताळ म्हणजे 'बोझिच', धाकटा देव. हा शब्द मला फार गोड वाटतो.

बाबा, पुढचे तुमच्यासाठी. हा बोग आणि संस्कृतातला भग एकाच कुळातले. 'भज्' म्हणजे वाटून देणे. भग म्हणजे वाटा, भाग्य, आणि ते वाटणारा आदित्यही. त्यावरूनच आपला भगवान. स्लाव्हांनी, म्हणजे क्रोएशियन, पोलिश, चेक, रशियन या भाषा बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी, हा शब्द मूळ वारशातून जपला की इराणी शेजाऱ्यांकडून घेतला, यावर भाषाशास्त्रज्ञांचे एकमत नाही. पण वाट्याचा अर्थ त्यांच्याकडेही टिकला आहे. 'बोगात' म्हणजे श्रीमंत, आणि 'उबोग' म्हणजे दरिद्री, ज्याच्या पदरी वाटा पडला नाही तो. मूळच्या संपत्तीवाचक शब्दाचे पोलिशमध्ये 'झ्बोझे', म्हणजे धान्य, झाले आणि चेकमध्ये 'झ्बोझी', म्हणजे दुकानातला माल. रशियन माणूस आभार मानताना 'स्पासीबा' म्हणतो, त्यातही 'देव तारो' हीच प्रार्थना दडली आहे.

दादाच्या खात्यावर या महिन्याचे पैसे पाठवले आहेत. माझे इथे नीट भागते, उपाशी राहून पाठवते असे मनात आणू नका. साताऱ्याच्या स्थळाला माझा नकार नाही, परंतु जूनपर्यंत इथला करार असल्याने आताच होकार कळवू नये. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी सोबत बसण्याचा माझा वाटा वहिनीने उचलला. तिला माझ्या पैशांतून एक चांगली साडी घ्या. ती नको म्हणेल, तरी घ्या.

आपली,
धाकटी