आधी टॉवर, मग बघू: नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकासमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या गुरुवारी माझ्या बायकोचा हात मोडला. मनगटात प्लेट बसवलीय, म्हणून मी लिहितोय. तिने लिहिलं असतं तर आपल्याला जास्त झोंबलं असतं. समोरून पाण्याचा टँकर आला, ती स्कूटर कडेला घ्यायला गेली, आणि कडेला उघडं गटार. बिल्डरच्या माहितीपत्रकात हाच रस्ता अठरा मीटर रुंद आहे, दुतर्फा गुलमोहर. प्रत्यक्षात आमच्या गेटपुढे तो ज्वारीच्या शेतात संपतो. शेतकऱ्याला मोबदलाच मिळाला नाही, तो जागा का सोडेल?

आम्ही 2021 मध्ये पुणे महापालिकेत घेतलेल्या 23 गावांपैकी एकात राहतो. हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली, मुंबईलाही मागे टाकलं, केवढं कौतुक झालं! पण नियोजनाचे अधिकार ठेवले पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. परवानगी देणार एक, पाणी-कचरा निस्तरणार दुसरा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट 2021 मध्ये आला, साठ हजारांवर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि 2025 मध्ये सरकारने अख्खा आराखडाच रद्द केला. टॉवर मात्र थांबले नाहीत. त्यांना आराखडा कुठे लागतो? एफएसआय लागतो, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण, तो डिसेंबर 2020 च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत सढळ हाताने दिलाच आहे.

पाण्याचं तर विचारूच नका. पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन, असं बिल्डरचं हमीपत्र. सोसायटी ताब्यात दिली, हमीपत्र फायलीत राहिलं. आता टँकरला महिन्याला तीन-साडेतीन लाख तरी जातात. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गावात, किरकटवाडीकडे जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली तेव्हा दिल्लीहून पथक आलं, कॅमेरे पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर गेले. साथ ओसरली, कॅमेरेही गेले.

गावं घ्यायची आणि काढायची हा तर खेळच झालाय. 1997 मध्ये घेतली, त्यातली काही वगळली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 मध्ये आत, 2024 मध्ये बाहेर. शिवाय आराखड्यातली रेघ कुठून जाणार हे आम्हाला पेपरात कळतं. काहींना आधीच कळतं आणि त्यांच्या पाहुण्यांचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं असतं. पक्ष कुठलाही येवो, पाहुणे तेच.

रस्त्याची जागा ताब्यात नाही आणि जलवाहिनी पोचलेली नाही, तिथे भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. बिल्डरांची हमीपत्रं संकेतस्थळावर टाका, कोण पाळतो ते लोकांना बघू द्या. यासाठी समिती नेमू नका, समित्या भरपूर झाल्या. आणि आपला ताफा इकडे येणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे निदान गटारावर झाकण तरी बसेल.

आपला,
समाविष्ट गावातला एक करदाता