दाजीपूरच्या रस्त्यावरच्या दूधटेम्पोवाल्या मामांना

मागच्या महिन्यात पहाटे राधानगरीहून फोंडा घाटाकडे सायकलने निघालो होतो. दाजीपूरचं जंगल गव्यांसाठीच 1958 पासून अभयारण्य आहे, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वळणावर वीस पावलांवर काळाकभिन्न गवा उभा दिसणं वेगळं! मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. मला आधी दिसले ते त्याचे पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. दोन्ही ब्रेक एकदम दाबले आणि सायकलसकट आडवा झालो. गुडघा फुटला, कोपर सोलपटलं.

मागून तुमचा टेम्पो आला. तुम्ही हॉर्न मारला नाहीत. हळूच गाडी माझ्या आणि गव्याच्या मधे आणलीत, इंजिन बंद केलंत आणि खिडकीतून एवढंच म्हणालात, "पाव्हणं, हलू नगा. त्यो जाईल त्येच्या वाटंनं." दहा मिनिटं तरी गेली असतील. तुमचं दूध खोळंबलं होतं, तरी तुम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत.

गवा झाडीत शिरल्यावर तुमच्या शेजारी बसलेल्या मावशींनी बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली आणि स्वतःचा धुतलेला टॉवेल फाडून बांधला. चांगला नवा होता हो! सायकल कॅनच्या मधे बसवून मला राधानगरीत दवाखान्याच्या दारात सोडलंत. पैसे काढले तर मावशी रागावल्याच.

घाईत नाव विचारायचं राहिलं. मामा, मावशी, मनापासून आभार. टॉवेल माझ्याकडून येणं आहे.