नेमबाजी संघासाठी 50 मीटरच्या रेंज हव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आयची-नागोया आशियाई स्पर्धेसंबंधीच्या चर्चेत नेमबाजीच्या पदकांचे अंदाज बरेच येतात. 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचा (तीन स्थितींतून नेमबाजीचा) संघ कशावर उभा राहतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर (591), स्वप्नील कुसाळे (591) आणि अखिल श्योराण (587) यांनी 1769 गुणांच्या विश्वविक्रमासह सांघिक सुवर्ण जिंकले. ही तिघांच्या पात्रता फेरीची बेरीज. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून प्रत्येकी 20 गोळ्या. तिसरा नेमबाज ढासळला तर पहिल्या दोघांचे 591 वाया जातात.

वैयक्तिक अंतिम फेरीत स्वप्नील आघाडीवर होता. उभ्या स्थितीत एका गोळीला 7.6 च गुण मिळाले आणि तो चौथा आला. 7.6 म्हणजे केंद्रापासून सुमारे 27 मिलिमीटर, अंगठ्याच्या पेराएवढे अंतर. उभे राहताना पट्टा वापरता येत नाही. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून 8 किलोपर्यंतची रायफल तोलायची. नेम फार वेळ धरला की डोळा थकतो, मग बोट घाईने चाप ओढते. अशा वेळी रायफल खाली घेऊन पुन्हा मांडायची, हे अंगात मुरावे लागते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी याच स्वप्नीलने उभ्याने पाच-पाच गोळ्यांच्या दोन फेऱ्यांत 51.1 आणि 50.4 मारले आणि 451.4 गुणांवर कांस्य मिळवले.

नेम धरण्याचा सराव घरी रिकाम्या रायफलवर होतो. वारा आणि काडतुसे मात्र घरी मिळत नाहीत. 50 मीटरच्या .22 रायफलच्या काडतुसांचा एक लॉट (एका वेळी बनलेला साठा) एका नळीत छान चालतो, दुसऱ्या नळीत तोच विखुरतो. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारून बघतात आणि ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ पडतात तोच लॉट वर्षभराचा घेतात. स्पर्धेच्या तोंडावर हाती आलेला नवा लॉट म्हणजे नवी रायफलच. वाऱ्याचेही तसेच. बंदिस्त हॉलमध्ये तो शिकता येत नाही. 10 आणि 30 मीटरवरचे वारा दाखवणारे झेंडे उलटसुलट फडकत असताना थांबायचे की नेमपट्टीचे खटके फिरवून मारायचे, हे उघड्या रेंजवर हजारो गोळ्या खर्चल्यावरच कळते.

आपल्याकडे बहुतेक क्लब 10 मीटरवरच थांबतात, आणि त्याचे कारण साधे आहे. एअर रायफलला परवाना लागत नाही, एका खोलीत काम भागते. .22 ला परवाना, प्रत्येक काडतुसाची नोंद, गोळ्या अडवणारा भक्कम बंधारा आणि मोठी जागा लागते. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनची (पालथे पडून) विश्वविजेती झाली तीही कोल्हापूरची, कुसाळेही राधानगरी तालुक्यातला. तरी या प्रकारात नवी मुले पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल गाठल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

तेव्हा राज्य सरकारला विनंती आहे, की बक्षिसांच्या घोषणांबरोबरच प्रत्येक महसुली विभागात इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या दहा लेनची एक उघडी 50 मीटर रेंज आणि लॉट तपासायचा शिकंजा द्यावा. काडतुसांची खरेदी हंगामाच्या आधी व्हावी आणि निवडलेला लॉट त्या-त्या खेळाडूच्या नावाने राखून ठेवावा.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर