जिमनॅस्टिक्सच्या क्लबला कायमचा हॉल पाहिजे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

2030 ची कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला होणार हे नक्की झाल्यापासून तुमच्या पेपरात स्टेडियम, रस्ते, हॉटेलं यावर काही ना काही येतंच असतं, वाचून बरं वाटतं, पण आपल्या बडोद्यातली पोरं आज संध्याकाळी प्रॅक्टिस कुठे करतायत यावर पण कोणीतरी लिहायला पाहिजे ना, म्हणून हे पत्र. मी दांडिया बाजारजवळ राहते. आमच्या भागातल्या काही पालकांनी मिळून मुलांसाठी जिमनॅस्टिक्सचा छोटा क्लब काढलाय, त्याचं रजिस्टर आणि हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे लिहितेय ते सगळं रोज डोळ्यांनी बघितलेलं आहे.

सुरुवात झाली 2016 च्या ऑगस्टमध्ये. रिओ ऑलिंपिकला आपली जिमनॅस्ट दीपा कर्माकर व्हॉल्टच्या, म्हणजे पळत येऊन टेबलावरून उडी मारायच्या प्रकाराच्या फायनलला उतरली, तो हवेत दोन कोलांट्यांचा खतरनाक प्रोडुनोव्हा मारला, 15.066 पॉइंट आले आणि अवघ्या 0.150 ने ब्राँझ हुकलं. आपल्याकडे रात्र झाली होती तरी आमच्या वाड्यातल्या मुली सगळ्या जाग्या, आणि दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्टची सुट्टी, मग काय, ओट्यावरून उड्या, गच्चीत गाद्या टाकून कोलांट्या, एकीचा हात मुरगळला. आम्ही आया ओरडून दमलो, मग ठरवलं की ह्या ऐकणार नाहीत, त्यापेक्षा नीट शिकवणारं माणूस शोधूया.

माणूस सापडला तो तालमीतलाच. मल्लखांब करून केस पांढरे झालेले एक सर, एक पैसा न घेता यायला लागले. त्यांनी पहिले कितीतरी दिवस उडीच मारू दिली नाही! भिंतीला टेकून हँडस्टँड, ब्रिज, स्प्लिट, आणि सगळ्यात जास्त वेळ पडायचं कसं यावर, हात मागे टेकायचा नाही, हनुवटी छातीला लावायची, अंग गोल करून लोळायचं. मुली कंटाळायच्या, आयासुद्धा विचारायच्या की उड्या कधी शिकवणार, पण त्यानंतर मोठी इजा कोणालाच झाली नाही हे मी रजिस्टर समोर ठेवून सांगू शकते. दोरीचा मल्लखांब पण त्यांनीच सुरू केला, त्यामुळे मुलींची पकड आणि खांदे असे तयार झाले की पुढे पटियालाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा केलेले कोच आले तेव्हा ते बघून खूश झाले, म्हणाले बारवर लटकायची ताकद तर आधीच आहे यांच्यात.

याच्यात नवल काही नाही कारण हे शहरच तालमींचं. आपल्या दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर 1880 चं. तिथे प्रो. माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि 1924 ला लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले ते पण बडोद्यातून, आबासाहेब मुजुमदारांनी काढले. आणि लांब कशाला, ती दीपा आगरतळ्याच्या विवेकानंद व्यायामागारात शिकली, म्हणजे तिकडची तालीमच म्हणा. साध्या मोहल्ल्यातल्या व्यायामशाळेतून ऑलिंपिकची फायनल गाठता येते हे तिने आणि तिचे कोच नंदी सरांनी करून दाखवलं.

क्लब वाढला तो गणपतीमुळे. मंडळाने स्टेजवर पंधरा मिनिटं दिली, मुलींनी दोरीचा मल्लखांब आणि पिरॅमिड केला, आणि दुसऱ्या दिवशी नावं घालायला लाइन. गुजराती घरातल्या मुली आल्या, मुस्लिम घरातल्या आल्या, लेगिन्स आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट चालेल असं कोचनी पहिल्याच दिवशी सांगून टाकल्यामुळे बऱ्याच आयांचा प्रश्न तिथेच मिटला. मग सात जण मिळून सोसायटी रजिस्टर केली, चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसच्या फेऱ्या मारल्या, बँकेत खातं काढलं. हे काम फार कंटाळवाणं आहे पण नवीन क्लब काढणाऱ्या सगळ्यांना मी हात जोडून सांगते की हे आधी करा, रजिस्ट्रेशन नसेल तर ग्रँट राहू दे, साधी देणगीची पावती पण फाडता येत नाही. मॅटसाठी सोफेवाल्याकडून फोम घेतला, ताडपत्रीवाल्याकडून रेक्झिनची कव्हरं शिवून घेतली. तोल सांभाळून कसरत करायच्या बीमची रुंदी 10 सेंटिमीटर असते, तर आधी जमिनीवर तेवढीच पट्टी आखून त्यावर चालायचं, मग सुताराने केलेला वीतभर उंचीचा बीम, आणि खरा 125 सेंटिमीटर उंचीचा सेकंडहँड बीम आला त्या दिवशी पेढे वाटले आम्ही.

आता मुद्द्यावर येते. एका शाळेने संध्याकाळी हॉल दिला होता, छान चाललं होतं. पण कधी परीक्षा, कधी कोणाचं फंक्शन, कधी इलेक्शनचं सामान, आणि प्रत्येक वेळेस आमचा सगळा सामान उचलून पॅसेजमध्ये. शेवटी एक दिवस फोन आला की पुढच्या महिन्यापासून हॉल नाही. आता आम्ही दोन वेगवेगळ्या जागी करतो आणि रोज मॅट अंथरायच्या, बीमचे पाय फिट करायचे, नट टाइट आहेत का बघायचं, परत सगळं काढून गोडाऊनला, यात दीड तासाच्या बॅचमधला अर्धा तास जातो. आणि वेळ गेला एवढंच असतं तर चाललं असतं हो, पण रोज काढलेला-जोडलेला सामान सैल पडतो, मॅटमध्ये फट राहते, त्या फटीत पाय गेला की घोटा गेला. बार आणि रिंग तर जमिनीत नीट पक्के केल्याशिवाय लावायची कोच परवानगीच देत नाहीत, आणि बरोबर करतात. व्हॉल्टला पळायला 25 मीटर लागतात, फ्लोअर 12 बाय 12 मीटर, हे कोणाच्या पार्किंगमध्ये बसत नाही. जुन्या तालमी टिकल्या याचं मला तरी एकच कारण दिसतं, मल्लखांब जमिनीत पुरलेला असायचा, तो कोणी रोज उपटत नव्हतं.

क्रिकेटच्या पिचला कोणी नाही म्हणत नाही, स्विमिंग पूल बांधतात, मग जिमनॅस्टिक्सला एक बंद, उंच छताचा हॉल का नको? नवीन बिल्डिंग बांधा असं आम्ही म्हणतच नाहीये. पट कमी झाल्यामुळे कितीतरी शाळांचे हॉल दुपारनंतर कुलूप लावून पडलेत. कॉर्पोरेशनने निदान जुन्या शहरासाठी एक आणि मांजलपूर किंवा कारेलीबागच्या बाजूला एक असे दोन हॉल फक्त जिमनॅस्टिक्स-मल्लखांबला राखून द्यावेत, आमच्याच क्लबला नाही, शहरातल्या सगळ्या क्लबनी टाइमटेबल करून वापरावेत. नियम असा आहे की मुलगी ज्या वर्षी 16 ची होते तेव्हापासून ती सीनियरला खेळू शकते, म्हणजे 2030 ला अहमदाबादमध्ये उतरू शकणारी मुलगी 2014 ची किंवा त्याआधीची असणार. ती आज सहावी-सातवीत आहे साहेब, आणि याच वयात ट्यूशनसाठी नाव काढून घेतात! रोजची धड एक जागा नसेल तर पालकांना थांबा म्हणायला आमच्याकडे दुसरं काही उरत नाही.

कुठल्या शाळेच्या ट्रस्टींनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी पण लिहिते. आमचं ऑडिट झालेलं आहे, कोचचे पेपर, मुलांचा इन्शुरन्स सगळं तयार आहे. भाडं देऊ, लाइटबिल आम्ही भरू, आणि सकाळी पीटीच्या तासाला तुमच्या मुलांनी आमचा सगळा सामान फुकट वापरावा, कोच पण देऊ. फक्त बोल्ट मारायची परवानगी आणि निदान पाच वर्षांचं लेखी करार पाहिजे. मे महिन्यात सुट्टीची बॅच सुरू होते, त्याच्या आधी कळवलं तर सामान थेट तिकडेच लावता येईल. आमचा नंबर तुमच्या ऑफिसमध्ये देऊन ठेवते.

आपली नेहमीची वाचक,
क्लबमधल्या एका मुलीची आई
दांडिया बाजार, बडोदा